समुद्राचे उंचवटे आणि आकाशातील मोजपट्टी



कोल्हापुरात समुद्राविषयी बोलावयाचे हे काहींना थोडे विचित्र वाटेल. समुद्र घाटाखाली राहिला. आपल्या ओळखीचे पाणी म्हणजे पंचगंगेचे, रंकाळ्याचे आणि आषाढात आकाशातून कोसळणारे. परंतु आपल्या शहराच्या पोटात समुद्राची एक जुनी खूण आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० नंतरच्या दशकात खोदकाम झाले. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे शास्त्रशुद्ध उत्खननही केले. या टेकडीतून निघालेल्या वस्तूंत ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. ती ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. रोमन घडणीची ही मूर्ती सातवाहनांच्या काळात पश्चिम समुद्र ओलांडून आणि सह्याद्रीचा घाट चढून येथे आली असावी, असे मानले जाते.

त्यानंतर सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांनी, १० ऑगस्ट १९९२ रोजी, त्याच देवाच्या नावाचा एक उपग्रह आकाशात गेला. त्याचे पूर्ण नाव टोपेक्स-पोसायडन. अमेरिका व फ्रान्स या दोन देशांनी मिळून तो तयार केला होता. मूर्ती समुद्रावरून आली. हा उपग्रह समुद्र मोजण्यासाठी गेला. आजचा विषय या मोजणीचा इतिहास हा आहे. समुद्रात शेकडो किलोमीटर रुंदीचे भोवरे फिरत असतात ही गोष्ट माणसाला कशी कळली, ते आकाशातून कसे दिसू लागले, आणि घाटावर राहणाऱ्या आपल्याला त्याचे काय, एवढे तीन प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

भोवरा म्हणजे काय

भोवरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुराच्या वेळचा घाट येतो. पाणी गरगर फिरते, मध्ये खळगा पडतो, काटकी सापडली तर आत ओढली जाते. समुद्रातील ज्या भोवऱ्यांविषयी मी बोलतो आहे ते या जातीचे नव्हेत. त्यांची रुंदी शंभर-दोनशे, कधी पाचशे किलोमीटर असते. एक फेरी पुरी होण्यास कित्येक दिवस लागतात. गलबत त्यातून पार गेले तरी खलाशाच्या डोळ्याला काही दिसत नाही. एवढेच होते की संध्याकाळी हिशेब करताना आपण ठरल्या जागेपासून काही कोस बाजूला आलो आहोत असे ध्यानात येते.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. चहाच्या कपात चमचा फिरवला की मध्ये खळगा पडतो. उजवीकडे फिरवा की डावीकडे, खळगाच. समुद्रातील मोठ्या भोवऱ्यांचे तसे नाही. त्यांची गती इतकी सावकाश आणि विस्तार इतका मोठा असतो की पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे तेथे प्रभावी ठरते. उत्तर गोलार्धात वाहते पाणी आपल्या उजव्या हाताकडे वळू पाहते. समजा, समुद्रावर एके ठिकाणी पाण्याचा बेताचा उंचवटा झाला. पाणी उताराने खाली वाहू लागते, पण उजवीकडे वळता वळता ते उंचवट्याला प्रदक्षिणा घालू लागते, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. खळगा असेल तर प्रदक्षिणा उलटी. हवेच्या जादा व कमी दाबाच्या क्षेत्रांभोवती वारे फिरतात तोच हा नियम. तेव्हा समुद्राचा उंचसखलपणा मोजता आला तर पाणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने फिरते हे पाण्याला हात न लावता सांगता येईल. साऱ्या विद्येचे बीज एवढेच आहे.

अडचण अशी की हा उंचवटा फार लहान असतो. कोल्हापूर ते पुणे एवढ्या अंतरात वीतभर चढ, अशी त्याची सामान्य कल्पना करावी. रस्त्यावर असा चढ आहे असे सांगितले तर बैलगाडीचा बैलही हसेल. परंतु वरचा पृष्ठभाग वीतभर उचललेला असतो तेव्हा खाली ऊन पाण्याचा थर पुष्कळदा पन्नास मीटर किंवा त्याहून अधिक खोल दबलेला असतो. वरची वीत ही खालच्या मोठ्या घडामोडीची खूण होय.

जहाजांचे शतक

आपल्या समुद्राचे प्रवाह ऋतूबरोबर दिशा बदलतात हे दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. नवव्या शतकातील अरबी लेखक इब्न खुर्दादबिह याने समुद्राचे पाणी उन्हाळ्यात एका बाजूस व हिवाळ्यात दुसऱ्या बाजूस वाहते असे नोंदवून ठेवले आहे. बंगालचा पहिला सर्व्हेअर जनरल जेम्स रेनेल याने हिंदुस्थानातून परत जाताना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचा प्रवाह मोजला आणि १७७८ मध्ये त्याचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढे आयुष्यभर त्याने जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून प्रवाहांचा अभ्यास केला. १८६६ च्या एका इंग्रजी नौकानयन-मार्गदर्शिकेत फिंडले याने सोमालियाच्या किनाऱ्यासमोरील एका 'मोठ्या भोवऱ्या'चा उल्लेख केला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तेथे जहाजे ओढली जात. तो भोवरा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

या साऱ्या नोंदी मोलाच्या खऱ्या, पण त्यांतून शास्त्रज्ञांनी जे चित्र रचले त्यात एक मोठी उणीव राहिली. हजारो नोंदींची सरासरी काढावयाची आणि नकाशावर एक सुबक बाण ओढावयाचा, अशी ती पद्धत. सरासरीत भोवरे पुसले जातात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्र म्हणजे संथ वाहणाऱ्या काही रुंद नद्या, असेच चित्र पाठ्यपुस्तकांत होते. किनाऱ्यालगतचे एकदोन वेगवान प्रवाह सोडले तर बाकी सारे शांत.

या चित्राला धक्का बसला तो १९६० च्या सुमारास. जॉन स्वॅलो नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अॅल्युमिनियमची एक बंद नळी तयार केली होती. ती बुडतही नसे व तरंगतही नसे. ठरावीक खोलीवर अधांतरी राहून पाण्याबरोबर वाहत जाई आणि ध्वनीने आपला ठावठिकाणा कळवी. बर्म्युडा बेटाजवळ 'एरीज' नावाच्या जहाजावरून अशा नळ्या सोडल्या गेल्या. खोल पाणी मुंगीच्या पावलाने एका दिशेस सरकत असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नळ्या अपेक्षेच्या दहापट वेगाने, आज इकडे तर उद्या तिकडे, भरकटत गेल्या. १९७० मध्ये सोव्हिएत रशियाच्या जहाजांनी आणि १९७३ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अटलांटिकमध्ये मुक्काम ठोकून निरीक्षणे केली, तेव्हा उलगडा झाला. समुद्र भोवऱ्यांनी भरलेला आहे, आणि त्याच्या गतीतील शक्तीचा बहुतांश वाटा या भोवऱ्यांतच साठलेला आहे.

मधल्या काळात आपल्या समुद्राचाही नंबर लागला होता. १९५९ ते १९६५ या वर्षांत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक राष्ट्रांची चाळीसहून अधिक जहाजे तीत सामील झाली. मुंबईस कुलाब्याला या मोहिमेसाठी आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले गेले. भारतातर्फे नौदलाचे जे जहाज १९६२ ते १९६५ या काळात निरीक्षणे करीत फिरले त्याचे नाव 'किस्तना'. हे नाव परके नाही. कृष्णेचे इंग्रजांनी केलेले ते जुने स्पेलिंग. त्या काळच्या आपल्या युद्धनौकांना नद्यांची नावे असत. नरसोबाच्या वाडीला आपली पंचगंगा जिला मिळते, तिचे नाव घेऊन ते जहाज अरबी समुद्राचे व बंगालच्या उपसागराचे तापमान आणि खारटपणा मोजत होते. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. डॉ. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. गोव्यात दोना पावला येथे आज तिचे मुख्य ठाणे आहे.

याच मोहिमेत, १९६४ च्या पावसाळ्यात, स्वॅलो आणि जॉन ब्रूस नावाचे अमेरिकन संशोधक सोमालियाच्या किनाऱ्यासमोर प्रवाह मोजीत होते. ब्रूस यांचे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

जहाजाची मर्यादा मात्र उघड होती. जहाज तासाला अठरा-वीस किलोमीटर चालते आणि ठिकठिकाणी थांबून दोराने उपकरणे सोडते. पाचशे किलोमीटरचा भोवरा नीट तपासण्यास आठवडे लागतात, आणि तेवढ्यात भोवरा जागा बदलतो. पळत्या घोड्याचे चित्र काढावयाचे, आणि आज त्याचे शेपूट तर पुढच्या आठवड्यात त्याचे तोंड काढावयाचे, असा तो प्रकार होता.

आकाशातील मोजपट्टी

पुराच्या दिवसांत सारे कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे डोळे लावून बसते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. समुद्राच्या काठीही अशा मोजपट्ट्या आहेत. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. जगातील जुन्या नोंदींत तिची गणना होते. पण ही मोजपट्टी काठावरची. भर समुद्रात काठी कोठे रोवावयाची? उत्तर असे निघाले की काठी वरून खाली सोडावी. १९६९ साली अमेरिकेत विल्यम्सटाउन येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या एका बैठकीने उपग्रहातून समुद्राची उंची मोजण्याची शिफारस केली.

कल्पना सोपी आहे. उपग्रहातून रडारचा एक ठोका सरळ खाली सोडावयाचा. तो समुद्रावर आपटून परत येईल. जाण्यायेण्यास लागलेला वेळ मोजला, प्रकाशाचा वेग ठाऊक आहेच, की अंतर निघाले. उपग्रह नेमका किती उंचीवर आहे हे निराळ्या साधनांनी काढावयाचे. त्यातून हे अंतर वजा केले की समुद्राची उंची हाती आली. टोपेक्स-पोसायडन १३३६ किलोमीटर उंचीवरून फिरे. तेथून निघालेला ठोका परत येण्यास एका सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. त्या वेळात एका सेंटीमीटरची चूक नको असेल तर काळ किती बारकाईने मोजावा लागेल? सेकंदाच्या दीड हजार कोटीव्या भागापर्यंत. एका ठोक्याने हे साधत नाही. सेकंदाला शेकडो, हजारो ठोके टाकून त्यांची गोळाबेरीज करावी लागते.

याखेरीज विघ्ने अनेक. हवेतील बाष्प ठोक्याला उशीर लावते. फार उंचावरील विद्युत्भारित थर निराळा उशीर लावतो. भरती-ओहोटीमुळे पाणी मीटर-दोन मीटर वरखाली होते. लाटा उसळत असतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट, समुद्राची 'सपाटी' मुळात सपाट नाही. पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सारखे पसरलेले नसल्याने गुरुत्वाकर्षण कोठे जास्त, कोठे कमी आहे, आणि पाणी त्याप्रमाणे उंच किंवा सखल बसते. नवल असे की जगातील असा सर्वांत खोल खळगा आपल्याच दक्षिणेस, हिंदी महासागरात आहे. तेथे समुद्र गणिताने काढलेल्या पृथ्वीच्या आकारापेक्षा सुमारे शंभर मीटर खाली बसलेला आहे. शंभर मीटरच्या खळग्यात वीतभर उंचवटा शोधावयाचा! त्यावर तोड अशी काढली की उपग्रहाने त्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा जावे. गुरुत्वाकर्षणाचा खळगा बदलत नाही. बदलते ते पाणी. त्याच जागेच्या अनेक मापांची सरासरी वजा केली की उरते ती समुद्राची हालचाल.

हे सारे एका दिवसात साधले नाही. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर पहिला प्रयोग झाला. १९७५ मध्ये जिऑस-३ गेला. १९७८ च्या जूनमध्ये सीसॅट नावाचा उपग्रह गेला आणि अवघ्या १०५ दिवसांत विजेच्या बिघाडाने बंद पडला. पण जाता जाता त्याने आपले काम केले. शेवटचे सुमारे पंचवीस दिवस तो दर तीन दिवसांनी त्याच वाटेवरून फिरत होता. तेवढ्या थोड्या मापांवरूनही समुद्र कोठे चंचल आहे आणि कोठे शांत आहे याचा जगाचा नकाशा काढता आला. जहाजांना जे शंभर वर्षांत जमले नव्हते ते पंचवीस दिवसांत झाले.

पुढचा उपग्रह जिओसॅट १९८५ मध्ये अमेरिकन नौदलाने सोडला. त्याची पहिल्या दीड वर्षाची मापे गुप्त ठेवण्यात आली. ती पूर्णपणे खुली झाली १९९५ मध्ये. नौदलाला या विद्येत रस असण्याची कारणे स्पष्ट आहेत. भोवऱ्याच्या कडेला पाण्याचे तापमान एकदम बदलते, तेथे ध्वनी वाकतो, आणि पाणबुडीला लपण्यास आडोसा मिळतो. सुदैवाने १९८६ च्या नोव्हेंबरनंतर त्याच उपग्रहाने सतरा दिवसांच्या फेऱ्यांनी जी मापे घेतली ती शास्त्रज्ञांना मिळाली.

१९९२ च्या टोपेक्स-पोसायडनने मात्र ही विद्या प्रौढ केली. १३ सेंटीमीटरपर्यंतची अचूकता मिळाली तरी पुरे असे ठरले होते. प्रत्यक्षात चूक चार-पाच सेंटीमीटरपर्यंत खाली आली. तीन-पाच वर्षे चालावयाचा उपग्रह तेरा वर्षे चालला. त्यास युरोपीय उपग्रहांची जोड मिळाली. या जोडीचे कारण समजून घेण्याजोगे आहे. टोपेक्स दर दहा दिवसांनी त्याच जागी येई, पण त्याच्या दोन वाटांमध्ये विषुववृत्तावर तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर पडे. भोवरा मधूनच निसटावयाचा. युरोपीय उपग्रहांच्या वाटा जवळजवळ होत्या, पण फेरी पस्तीस दिवसांची. एक चाळणी जाड, पण वारंवार फिरणारी. दुसरी बारीक, पण सावकाश. दोन्ही मिळून भोवरे पकडता आले. २०११ मध्ये अमेरिकेतील चेल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षांच्या अशा मापांतून चार महिन्यांच्या आसपास वा त्याहून अधिक काळ टिकलेले सुमारे ३६ हजार भोवरे मोजून दाखविले. जे एके काळी अपवाद वाटत होते तेच समुद्राचे नित्याचे रूप ठरले.

आपला समुद्र

आता घराकडे वळू. सोमालियासमोरचा मोठा भोवरा उपग्रहातून दरवर्षी दिसू लागला. त्याची रुंदी चार-पाचशे किलोमीटर, काठावरील वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर. पावसाळी वारे जोर धरण्यापूर्वीच तो फिरू लागतो आणि वारे पडल्यावरही रेंगाळतो. त्याचे आयुष्य पाच-सहा महिन्यांचे. केवळ त्या क्षणीच्या वाऱ्यावर त्याचे जगणे अवलंबून नाही, हे दीर्घ मापांमुळेच कळले.

दुसरा शोध आपल्या अधिक जवळचा आहे. १९६४ मध्ये जहाजावरून सोमालिया प्रवाह मोजणारे तेच ब्रूस यांनी १९९४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह जिओसॅटची मापे तपासून असे दाखविले की हिवाळ्यात भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोर, लक्षद्वीपच्या परिसरात, समुद्रावर एक उंचवटा तयार होतो व हळूहळू पश्चिमेकडे सरकत जातो. त्याला 'लक्षद्वीप उंचवटा' असे नाव मिळाले. पावसाळ्यात त्याच जागी खळगा असतो. एकाच माणसाच्या संशोधनात जहाज आणि उपग्रह ही दोन युगे सामावली, हे या इतिहासातील एक हृद्य पान आहे.

हा उंचवटा का होतो? तेथील वाऱ्याने म्हणावे तर हिशेब जुळत नव्हता. गोव्याच्या संस्थेतील शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९७ मध्ये त्याचे उत्तर मांडले. डॉ. शेट्ये पुढे त्या संस्थेचे संचालक व नंतर गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की कारण जवळ नाही, दूर बंगालच्या उपसागरात आहे. तेथील व श्रीलंकेजवळील वारे किनाऱ्यालगतच्या पाण्यास जो धक्का देतात तो एका संथ, डोळ्यांस न दिसणाऱ्या लाटेच्या रूपाने किनारा धरून धावतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे चढतो. चढता चढता तो आपला काही अंश पश्चिमेकडे, भर समुद्रात सोडत जातो. त्यातून उंचवटा उभा राहतो. भिंतीच्या एका टोकाला थाप मारावी आणि दुसऱ्या टोकाच्या खुंटीवरची टोपी पडावी, तसे हे आहे.

लाटेबरोबर पाणीही येते. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातील कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात शिरते. हलके असल्यामुळे ते वर तरंगते आणि खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. उंचवट्यामुळे थंड पाणी आधीच खोल दबलेले असते. मग फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले की हा वरचा थर झपाट्याने तापतो आणि एप्रिल-मेमध्ये तो जगातील सर्वांत ऊन समुद्रांपैकी एक होतो. तापमान तीस अंशांच्या वर जाते. शेणॉय, शंकर व शेट्ये यांनी १९९९ मध्ये हा सारा क्रम जोडून दाखविला. याच ऊन पाण्यावर काही वर्षी मोसमी पावसाच्या आगमनाचे वादळी आवर्तन जन्म घेते आणि केरळकडून पाऊस वर सरकतो.

येथे कोल्हापूरकराने क्षणभर थांबावे. अरबी समुद्राची वाफ घाटमाथ्यावर आदळते, गगनबावड्याला पाऊस कोसळतो, भोगावती-कुंभी-कासारी भरतात, पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पाणी घेऊन पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे पश्चिम समुद्राचे पाणी आपण पूर्व समुद्राला पोचवतो. तेथून त्या गोड पाण्याचा काही अंश श्रीलंकेला प्रदक्षिणा घालून पुन्हा पश्चिम समुद्रात येतो आणि पुढील पावसाची चूल पेटविण्यास हातभार लावतो. यात कृष्णेचा वाटा लहान आहे हे खरे. गंगा-ब्रह्मपुत्रेपुढे तिचे पाणी थोडे, आणि त्यातलेही पुष्कळ धरणांत अडते. तरीही वर्तुळ पुरे होते.

'सरल' आणि त्यानंतर

येथवर मोजपट्ट्या इतरांच्या होत्या. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाने 'सरल' नावाचा उपग्रह वर नेला. उपग्रहाचा सांगाडा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा, उंची मोजणारे 'अल्टिका' हे उपकरण फ्रान्सचे. वजन चारशे किलोंच्या आसपास, कक्षा सुमारे आठशे किलोमीटरवर. युरोपचा एन्व्हिसॅट २०१२ च्या एप्रिलमध्ये मुका झाला होता आणि पस्तीस दिवसांच्या त्या बारीक चाळणीची जागा रिकामी पडली होती. 'सरल'ने तीच वाट पुढे चालविली.

त्याचे वैशिष्ट्य असे की पूर्वीच्या उपग्रहांच्या रडार-लहरींची लांबी दोन सेंटीमीटरच्या वर असे. अल्टिकाची लहर आठ मिलिमीटरच्या जवळपास. लहर आखूड म्हणून नजर बारीक, आणि किनाऱ्याच्या अधिक जवळचे पाणी मोजता येई. भीती एकच होती. आखूड लहर पावसात शोषली जाते, आणि आपला समुद्र तर पावसाळी. प्रत्यक्षात वाटले होते तितके नुकसान झाले नाही. २०१६ च्या जुलैपासून त्याला ठरावीक वाट सोडून मोकळे फिरू दिले गेले.

१६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिका व फ्रान्स यांचा 'स्वॉट' उपग्रह गेला. आधीचे उपग्रह वाटेखालची एक रेघ मोजीत. हा दहा मीटरच्या दांड्याच्या दोन टोकांना लावलेल्या दोन डोळ्यांनी सुमारे १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो. दहावीस किलोमीटरचे लहान भोवरे आणि जमिनीवरील मोठ्या नद्या-तलावांची पातळीही त्याच्या आटोक्यात आली.

मोजून काय मिळाले

कोणी विचारील, समुद्रावरची वीत मोजण्यासाठी एवढा खर्च कशाला? उत्तर चक्रीवादळांत आहे. परातीत ओतलेले कढत पाणी फुंकर मारताच निवते. हंड्यातले निवत नाही. वादळ समुद्र ढवळते. ऊन थर उथळ असेल तर खालचे थंड पाणी वर येऊन वादळाचा जोर ओसरतो. पण उंचवट्याच्या भोवऱ्यात ऊन पाणी खोलवर असते. तेथे वादळाला हंडा मिळतो. २००५ मध्ये अमेरिकेवर आदळलेले कॅटरिना आणि २००९ मध्ये बंगालवर आलेले आयला, ही दोन्ही वादळे अशा ऊन पाण्यावरून जाताना बळावली. वरून पृष्ठभागाचे तापमान पाहिले तर परात आणि हंडा सारखेच दिसतात. फरक कळतो तो उंचीवरून. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ज्या कोकणाने पाहिले त्याला या फरकाचे मोल सांगावयास नको.

म्हणून कोल्हापूरच्या पुराचे खापर समुद्राच्या भोवऱ्यावर फोडू नये. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने धोक्याची रेषा कितीतरी मागे टाकली, त्याची कारणे पाऊस, धरणांचे विसर्ग, नदीपात्राची अवस्था, अशी जवळची व अनेक आहेत. भोवरा कळला म्हणून उद्याचा पाऊस सांगता येत नाही. उपग्रहाला पाण्याच्या पोटातलेही काही दिसत नाही. ते पाहण्यास जहाजे हवीत, आणि २००० पासून समुद्रात सोडलेले आर्गो नावाचे हजारो तरंगते यंत्रमानव हवेत. स्वॅलोच्या नळीचीच ती नातवंडे होत.

परंतु एक गोष्ट या मापांखेरीज कधीच कळली नसती. १९९३ पासून जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे दहा सेंटीमीटर वर आली आहे. भोवरा वीतभर येतो आणि जातो. ही अर्धी वीत आली ती गेलेली नाही. येणारे-जाणारे कोणते आणि राहावयास आलेले कोणते, हे ओळखण्यास एका वर्षाचे माप पुरत नाही. तीस वर्षांचे, एकाच काठीने घेतलेले, न तुटलेले माप लागते. टोपेक्सनंतर जेसन नावाचे तीन उपग्रह आणि २०२० मध्ये सहावा सेंटिनेल त्याच वाटेवर पाठविले गेले, तेही प्रत्येक वेळी आधीचा उपग्रह चालू असतानाच, दोघांची मापे ताडून पाहून. जुन्या माणसाने नव्याच्या हाती किल्ल्या मोजून द्याव्यात, तशी ही पद्धत.

आणि येथेच खरी काळजी आहे. पैसा आटला, राष्ट्रांचे बिनसले, किंवा कोणाला ही मापे पुन्हा कुलुपात ठेवावीशी वाटली, तर साखळी तुटेल. पूल पडला तर पुन्हा बांधता येतो. गेलेल्या दिवसाची पातळी कोणत्याही पैशाने पुन्हा मोजता येत नाही. अपोलो बंदरावर १८७८ पासून ज्या अनाम कारकुनांनी पाण्याची नोंद केली त्यांना तिचा उपयोग दीडशे वर्षांनी काय होईल याची कल्पना नव्हती. त्यांनी नोंद चुकविली नाही, एवढेच. 'सरल'सारख्या उपग्रहाने एका तुटलेल्या वाटेवरची नोंद पुढे चालविली, यात आपल्या देशाचा अभिमान आहेच. पण त्याहून मोठी अशी ती एक जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या मोजपट्टीवर आपला समुद्र किती दिवस मोजून घ्यावयाचा, हा प्रश्न सरकारापुरता नाही. ज्या गावाने बंधाऱ्यावरील एका आकड्यासाठी रात्री जागून काढल्या आहेत, त्या गावाला मापाची किंमत कळते. तेव्हा समुद्रावर चाललेल्या या मोजणीची चौकशी घाटावरच्या माणसांनीही करीत राहावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.